सहा अक्षरं, सहा सूर: ड्यूक एलिंग्टनचा बँड चर्चमध्ये गेला तेव्हा

डिसेंबर १९६६. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये काळा अमेरिकी जॅझ संगीतकार आणि बँडचा नायक ड्यूक एलिंग्टन याचा पवित्र संगीताचा कार्यक्रम ठरला होता. एलिंग्टन याच गावचा. २९ एप्रिल १८९९ ला इथेच जन्मला आणि इथल्याच चर्चच्या बाकावर आईशेजारी बसून स्तोत्रं ऐकत वाढला. तोपर्यंत हा कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये आणि इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलमध्ये होऊन गेला होता. परक्या गावांत बिशप-डीन मंडळींनी मानाने बोलावलं. स्वतःच्या गावी मात्र बॅप्टिस्ट पाळकांच्या परिषदेने ठराव केला की या कार्यक्रमाला आमचा पाठिंबा नाही. हा माणूस ऐहिक, नाइट क्लबात वाजवणारा. चर्च ज्यासाठी उभं आहे त्याच्याशी याच्या आयुष्याचा मेळ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ठराव करणारे गोरे सनातनी नव्हते. ते काळ्या मंडळ्यांचे पाळक होते, म्हणजे ज्या गाण्यातून एलिंग्टनचं संगीत उगवलं त्या गाण्याचे राखणदार. एरवी 'जॅझ चर्चमध्ये गेला' ही गोष्ट 'धाडसी कलावंत, कर्मठ धर्मसंस्था' अशी सांगितली जाते. या प्रकरणात कर्मठ वाटणारी संस्था पायघड्या घालते आणि घरची माणसं दार लावून घेतात. असं का झालं, आणि एकच बँड इतक्या वेगवेगळ्या श्रोत्यांपुढे उभा करताना एलिंग्टनने नेमकं काय केलं, ते इथे जरा तपशिलात पाहू.

आमंत्रण

१९६५ साली एलिंग्टन ६६ वर्षांचा होता. १९२७ ते १९३१ या काळात न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतल्या, हार्लेममधल्या कॉटन क्लबात त्याचं नाव झालं. तिथे रंगमंचावर काळे आणि टेबलांवर गोरे, असा रिवाज होता. पुढे बड्या जॅझ बँडचे दिवस सरले, एकेक बँड मोडत गेला, पण एलिंग्टनने आपला कायमचा मोडला नाही. वर्षभर गावोगाव फिरती, आज नाचघर, उद्या सभागृह, परवा जत्रा. १९६५ मध्येच पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पुरस्काराच्या संगीत समितीने त्याच्या एकूण कामासाठी खास सन्मानाची शिफारस केली आणि वरच्या मंडळाने ती फेटाळली. समितीतल्या तिघांपैकी दोघांनी राजीनामे दिले. एलिंग्टनने नुसता टोला मारला की, फार लहान वयात मी फार प्रसिद्ध होऊ नये अशी नशिबाची इच्छा दिसते.

ग्रेस कॅथेड्रलचं बांधकाम १९२८ ला सुरू झालं आणि १९६४ ला पुरं झालं. छत्तीस वर्षं! त्या पूर्ततेचा उत्सव वर्षभर चालला. एपिस्कोपल चर्चचं, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या अमेरिकी शाखेचं, हे कॅथेड्रल नॉब हिलवर, शहरातल्या श्रीमंत टेकडीवर. बिशप जेम्स पाइक वादग्रस्त माणूस, स्वतःच्याच चर्चमध्ये पाखंडाचे आरोप झेललेला. मार्च १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन तिथे झालं. मे महिन्यात पियानोवादक विन्स ग्वाराल्डीने जॅझमध्ये बांधलेली मिस्सा सादर केली. एलिंग्टनला विचारणा आधीच झाली होती, पण तो लगेच 'हो' म्हणाला नव्हता. आपण हे मनापासून करतोय याची आधी त्याला स्वतःची खात्री हवी होती. कार्यक्रम झाला १६ सप्टेंबर १९६५ ला.

ग्वाराल्डी आणि एलिंग्टन यांच्यातला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ग्वाराल्डीने खरीखुरी उपासना बांधली. धर्मगुरू विधी चालवतात, भाकरी आणि द्राक्षारस वाटला जातो, प्रार्थनांचे शब्द ठरलेले आणि त्यांचा क्रमही ठरलेला. संगीत त्या क्रमाचं चाकर. एलिंग्टनने तसं काही केलं नाही. त्याने कार्यक्रमाला सरळ 'काँसर्ट' म्हटलं, पवित्र संगीताचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्वाराल्डी गाभाऱ्यात गेला आणि एलिंग्टन सभामंडपात थांबला. सभामंडपात कीर्तनकार अभंग म्हणतो, गोष्ट सांगतो, मध्येच कोटी करून हशा पिकवतो, मृदंगवाल्याला हात मोकळा करू देतो. गाभाऱ्यात यातलं काहीच चालत नाही. पुजाऱ्याशी वाद टाळून देवासमोर उभं राहायची ती सोय आहे.

याचा व्यावहारिक फायदा लवकरच दिसला. १९६७ साली व्हॅटिकनने उपासनेतल्या संगीताबद्दल जी सूचना काढली तिच्यात म्हटलं होतं की जी वाद्यं सर्वसाधारण समजुतीने आणि वापराने फक्त ऐहिक संगीताची मानली जातात ती उपासनेत अजिबात नकोत. हा नियम लावायचा तर ट्रम्पेटला लावायचा की सॅक्सोफोनला, यावर कमिट्या बसल्या असत्या. एलिंग्टनला त्या भानगडीत पडायची गरज उरली नाही. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याचा बँड पॅरिसच्या सँ-सुल्पिस आणि बार्सिलोनाच्या सांता मारिया देल मार या कॅथलिक चर्चमध्ये वाजवून आला.

काय वाजवायचं

कार्यक्रमाचा कणा एका लांब रचनेवर होता: बायबलच्या इंग्रजीतल्या पहिल्या चार शब्दांवर, 'इन द बिगिनिंग गॉड'. त्या चार शब्दांत सहा अक्षरं आहेत आणि एलिंग्टनने सहा सूर घेतले, दर अक्षराला एक. ही त्याची स्वतःची फोड. हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर तो तुकडा येतो तेव्हा खालच्या पट्टीतला तो जाडसर आवाज दगडी जोत्यासारखा वाटतो. कार्नी १९२७ पासून या बँडमध्ये होता. त्याच्या वाद्याचा आवाज एलिंग्टनच्या लेखणीतच उतरलेला होता म्हणा ना.

पुढे गायक सांगतो की प्रारंभी काय काय नव्हतं. आकाश नाही, पृथ्वी नाही, इथवर ठीक. पण मग यादीत भरायच्या बिलांसारख्या गोष्टी शिरतात आणि कॅथेड्रलमध्ये बसलेल्या माणसाला हसू यावं अशी वेळ येते. नंतर गायकवृंद बायबलातल्या पुस्तकांची नुसती नावं म्हणत जातो, आणि त्या नावांच्या जपावर पॉल गोन्साल्विसचा टेनर सॅक्सोफोन सैल सुटतो. मला हा सगळ्या रचनेतला सर्वांत हुशार तुकडा वाटतो. पुस्तकांची नावं रविवारच्या शाळेतली मुलं घोकतात. ज्याने ती घोकली आहेत त्याच्या डोळ्यांपुढे लहानपण उभं राहतं आणि ज्याने घोकली नाहीत त्याला नुसता ठेका ऐकू येतो. दोघांचंही काम होतं, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. कॅट अँडरसनचा ट्रम्पेट चढत चढत अशा स्वरापर्यंत जातो की त्यावर शिडीच उरत नाही, आणि लुई बेल्सनच्या ड्रम्सना पूर्ण मोकळीक मिळते. या रचनेला पुढे ग्रॅमी मिळालं.

बाकी पुष्कळसं साहित्य जुनंच होतं आणि ते त्याने लपवलं नाही. 'कम संडे' ही चाल १९४३ ची. काळ्या अमेरिकेचा इतिहास सांगणाऱ्या, कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलेल्या लांब रचनेतला तो एक भाग. मूळची चाल जॉनी हॉजेसच्या आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेली. स्वरावरून स्वरावर तो असा घसरत जायचा की मींड हाच शब्द आठवतो. १९५८ मध्ये भक्तिगीतांची विख्यात गायिका महालिया जॅक्सनने ती चाल शब्दांसह गायली. काही तुकडे १९६३ साली शिकागोत काळ्यांच्या मुक्तीच्या शताब्दीनिमित्त केलेल्या रंगमंचीय कार्यक्रमातून उचलले. समीक्षक याला 'शिळं' म्हणू शकतात. मला ते घरातली चांगली भांडी देवापुढे मांडण्यासारखं वाटतं. देवासाठी म्हणून वेगळी शैली घडवायला तो बसलाच नाही.

आणि मग आला टॅप डान्सर बनी ब्रिग्स. कॅथेड्रलमध्ये, वेदीसमोर, बुटांच्या टाचा वाजवत! आधार बायबलातलाच: परमेश्वराचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, गावात येत असताना दावीद राजा देहभान हरपून नाचला, ती गोष्ट. संगीत म्हणून इथे काय केलंय पाहा. चाल तीच 'कम संडे'ची. गायकवृंद ती ठाय लयीत धरून ठेवतो, बँड खालून दुगणीत पळतो, आणि ब्रिग्सचे पाय त्याहून बारीक काततात. प्रार्थना आणि नाच दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना न अडवता. शब्दांत जे सिद्ध करायला गेलं तर भांडण होईल ते इथे लयीच्या गणिताने होऊन गेलं.

गॉस्पेलची, म्हणजे काळ्या चर्चमधल्या भक्तिगीतांची, बाजू एस्थर मॅरोकडे होती. व्हर्जिनियातली तरुण गायिका. मोठ्या व्यासपीठावर तिचं पहिलं पाऊल ग्रेस कॅथेड्रलमध्येच पडलं. एलिंग्टनने तिला सभ्य वगैरे करायचा प्रयत्न केला नाही. तिने काळ्या चर्चमध्ये गातात तसंच गायलं, आवाज फोडून, शब्द ओढून. तिच्या शेजारी शिस्तीतला गायकवृंद, आणि जॉन हेंड्रिक्ससारखा शब्दांची फुगडी घालणारा जॅझ गायक. ही खिचडी मुद्दाम होती. अशा कार्यक्रमाला आलेल्यांत कुणी जॅझसाठी आलेला असतो, कुणी नेहमीचा चर्चला जाणारा, कुणी केवळ उत्सुकतेपोटी. प्रत्येकाच्या ओळखीचं एकेक माणूस व्यासपीठावर होतं.

एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ध्वनिमुद्रण ऐकताना ती सतत जाणवते. ग्रेस कॅथेड्रलचा घुमारा सात सेकंदांचा आहे. टाळी वाजवली तर सात सेकंद विरत राहते. नाचघरात कोरडा, तुटक वाजणारा पितळी वाद्यांचा ताफा अशा जागी एकमेकांवर कोसळतो. मागची पट्टी विझायच्या आत पुढची येते. जलद तुकड्यांचं थोडं नुकसान झालंच. पण हॉजेसच्या संथ स्वरांना त्या दगडी पोकळीने जे दिलं ते कुठल्याही स्टुडिओने दिलं नसतं. ड्रम्सचा तर गडगडाट झाला, आणि तो प्रसंग सृष्टीच्या आरंभाचा असल्यामुळे शोभलाही. स्थानिक दूरचित्रवाणीने हा कार्यक्रम चित्रित केला म्हणून हे आज पाहता येतं. २६ डिसेंबर १९६५ ला न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये तो परत झाला, तिथलं ध्वनिमुद्रण तबकडीवर आलं आणि जगभर हाच पाठ पोचला. तिथे मुख्य गायक होता ब्रॉक पीटर्स. लीना हॉर्नही गायली, पियानोवर एलिंग्टनचा जुना सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न.

म्हणजे माणसं बदलत, क्रम बदलत असे. कार्यक्रम सुट्या मण्यांचा होता. ज्या गावी जो गायक हाताशी असेल त्याप्रमाणे मणी ओवायचे. बँड तेवढा पक्का. फेब्रुवारी १९६६ ला कॉव्हेंट्रीत वाजवलं, तर ते कॅथेड्रल म्हणजे १९४० च्या बाँबहल्ल्यात पडलेल्या जुन्या इमारतीला खेटून बांधलेली नवी वास्तू. तिथल्या श्रोत्यांना काळ्या चर्चचा काय अनुभव असणार? तरी कार्यक्रम लागला.

गाववाल्यांचं म्हणणं

आता पुन्हा वॉशिंग्टन. पाळकांना अडाणी ठरवणं सोपं आहे. मी तसं करणार नाही.

काळ्या अमेरिकेत चर्च हे कितीतरी काळ एकमेव घर होतं जे पूर्ण आपलं होतं. शाळा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर, नोकरी दुसऱ्याच्या, कचेरीत गोरा साहेब. चर्चची इमारत, पैसा, पाळक आणि गाणं मात्र आपलं. बाहेर जग तुम्हाला नाचेगाणारे म्हणूनच ओळखत असताना या घरात तरी प्रतिष्ठा सांभाळायची, हा हट्ट समजण्यासारखा आहे. कॉटन क्लबातल्या रंगमंचावर वृक्षारण्यं आणि मळ्यावरची झोपडी उभी करून गोऱ्या गिऱ्हाइकांपुढे 'रानटी' नाच व्हायचे. तिथे ज्याचं नाव झालं तो माणूस आता आपल्याला देवाचं संगीत ऐकवणार? एखाद्या म्हाताऱ्या पाळकाच्या कपाळाला आठी पडली असेल तर नवल नाही.

शिवाय ही तक्रार जुनी. एलिंग्टनच्याच वर्षी जन्मलेला थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' नावाने ब्लूजचा, म्हणजे काळ्यांच्या ऐहिक गाण्यांचा, पियानो वाजवायचा. १९३२ मध्ये बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ मूलही गेलं, आणि त्या दुःखातून त्याचं सर्वांत गाजलेलं भक्तिगीत आलं. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात त्याचा तो जनक मानला जातो. पण त्याची गाणी घेऊन तो दारोदार फिरला तेव्हा शिकागोतल्या प्रतिष्ठित काळ्या चर्चनी त्याला हाकलून दिलं, कारण त्या चालींना ब्लूजचा वास होता. सिस्टर रोझेटा थार्पने १९३८ ला कॉटन क्लबात भक्तिगीतं गायली, तर चर्चमधली माणसं नाराज झाली. महालिया जॅक्सनने ब्लूज आणि नाइट क्लब आयुष्यभर टाळले. एलिंग्टनबरोबर गायली तीसुद्धा भक्तीचंच. ही सीमारेषा बाहेरच्याला दिसत नाही. आतल्याला ती उंबरठ्याइतकी ठळक असते.

नॉब हिलवरच्या श्रोत्याला सॅक्सोफोन ऐकून काय आठवायचं? एखादी तबकडी, एखाद्या महागड्या हॉटेलातला संध्याकाळचा नाच. वॉशिंग्टनच्या पाळकाला आठवायचा मंडळीतला अमुक माणूस, ज्याचा आठवड्याचा पगार शनिवारी रात्री त्या वाद्याच्या संगतीत उडाला आणि ज्याची बायको रविवारी रडत चर्चला आली. एकच सूर, पण दोघांच्या कानांना मागचा-पुढचा संदर्भ वेगळा. म्हणून परक्यांना हे संगीत पवित्र म्हणून स्वीकारणं सोपं गेलं. त्यांना आधी काही विसरावं लागत नव्हतं.

आपल्याकडे हे ओळखीचं आहे. तमाशाची सुरुवात गणाने होते, ढोलकी आधी गणपतीपुढेच वाजते. पण तीच ढोलकी देवळाच्या सभामंडपात आणा म्हटलं तर परदेशी पाहुणा 'वा' म्हणेल आणि गावातला जुना माळकरी उठून जाईल. मराठी ख्रिस्ती समाजाने हा प्रश्न उलट्या बाजूने अनुभवला. विलायती मिशनऱ्यांनी आणलेल्या स्तोत्रांच्या चाली इथल्या गळ्यांना परक्या होत्या. नारायण वामन टिळकांनी अहमदनगरकडच्या मंडळ्यांसाठी अभंग, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाचा ध्यास घेतला. त्यांची पदं 'उपासना संगीता'तून मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. गोव्यात आणखी तिसरा प्रकार: चर्चच्या शाळेत मेस्तकडून, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या गुरुजींकडून, सूरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईत येऊन हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. मिस्सेसाठी तयार झालेला हात नाचाला वाजू लागला. १९६३ च्या शरदात अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा बँड आशियात पाठवला तेव्हा तो मुंबईतही आला होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात होता; पुढे नोव्हेंबरात केनेडींच्या हत्येमुळे दौरा तुर्कस्तानातच आटोपता घ्यावा लागला. मुंबईच्या गोवेकर वादकांना 'चर्चमध्ये जॅझ' ही कल्पना विचित्र वाटली असती असं मला वाटत नाही. त्यांच्या बोटांत दोन्ही आधीपासून होतं.

वॉशिंग्टनच्या त्या सभागृहाचीही एक गोष्ट आहे. १९३९ साली याच कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक संस्थेने मेरियन अँडरसन या थोर गायिकेला ती काळी म्हणून गाऊ दिलं नव्हतं. मग ती ईस्टरच्या रविवारी लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून हजारोंपुढे गायली. सत्तावीस वर्षांनी त्या सभागृहाचं दार काळ्या संगीतकाराला उघडं होतं आणि पाळकांचं बंद.

एलिंग्टनने वाद घातला नाही. तो स्वतःला निरोप्या म्हणवून घ्यायचा. देवाचं नाव न ऐकलेल्यांसाठी नव्हे, चर्चच्या सावलीत वाढलेल्यांसाठीच आपला निरोप आहे असं त्याचं म्हणणं. कार्यक्रमपत्रिकेत त्याने एका डोंबाऱ्याची जुनी गोष्ट सांगितली होती. त्या बिचाऱ्याला प्रार्थना येत नाही, म्हणून तो वेदीसमोर आपले चेंडूच उडवून दाखवतो, आणि देवाला ते पावतं. तोच युक्तिवाद: मला जे येतं ते मी आणलं. दावीदाच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र त्याने गाण्यात घेतला नाही. दावीद नाचत असताना त्याची बायको मीखल खिडकीतून पाहत होती आणि तिच्या मनात त्याच्याविषयी तिरस्कार उत्पन्न झाला, असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मीखल राजघराण्यातली, शौलाची मुलगी. घराची अब्रू काय असते ते तिला ठाऊक होतं. आपण नेहमी दावीदाच्या बाजूने वाचतो, म्हणून खिडकीतल्या बाईचा मुद्दा ऐकायचा राहून जातो.

दुसरा आणि तिसरा

१९ जानेवारी १९६८ ला न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या प्रचंड कॅथेड्रलमध्ये दुसरा पवित्र कार्यक्रम झाला, बहुतेक सगळा नव्याने लिहिलेला. स्ट्रेहॉर्न आदल्या वर्षी ३१ मेला गेला होता. स्वातंत्र्यावरच्या एका भागात एलिंग्टनने त्याची आठवण ठेवली: द्वेषापासून मोकळं असणं, स्वतःची कीव करण्यापासून मोकळं असणं, दुसऱ्याचं आपल्यापेक्षा जास्त भलं होईल या भीतीपासून, आणि आपण भावापेक्षा श्रेष्ठ आहोत या गर्वापासून. स्ट्रेहॉर्न ही चार स्वातंत्र्यं जगला असं एलिंग्टन म्हणे.

या वेळच्या गायकवृंदांत हार्लेमच्या मदर ए.एम.ई. झायन चर्चचा (काळ्यांच्या मेथडिस्ट पंथातल्या चर्चचा) वृंद होता. हे मला फार बोलकं वाटतं. एलिंग्टनच्या घरी दोन चर्च होती: आई बॅप्टिस्ट, वडील ए.एम.ई. झायन. पोरगा दोन्हीकडे जायचा. आईच्या पंथाच्या पाळकांनी पाठ फिरवली आणि वडिलांच्या पंथाचा वृंद त्याच्यासाठी गायला.

एक रचना जॉन गेन्सेल या ल्यूथरन पाळकासाठी होती. न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांचा तो पाळक; रात्री क्लबांतून हिंडायचा आणि पहाटे घरी जाणाऱ्या वादकांची विचारपूस करायचा. कुटी विल्यम्सच्या ट्रम्पेटची गुरगुर त्या रचनेत ऐकावी. आणि स्वीडनची ॲलिस बाब्स ही खरी नवलाई. तिच्या गळ्याचा पल्ला इतका की एलिंग्टनने एक तुकडा बिनशब्दांचाच लिहिला. बरं झालं. कारण स्पष्ट सांगायचं तर त्याचे शब्द नेहमी त्याच्या सुरांच्या तोलाचे नसत. बाळबोध यमकं, ओढूनताणून कोट्या. देवाविषयी बोलताना तो शाळकरी होई, आणि पियानोवर हात ठेवला की पुन्हा एलिंग्टन. शेवटी दीडशेव्या स्तोत्रावर सगळे मिळून नाचाच्या लयीत देवाचं स्तवन करतात. तिथे शब्द बायबलच्या आधारचे आहेत, त्यामुळे काळजी नाही.

तिसरा कार्यक्रम २४ ऑक्टोबर १९७३, लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी, संयुक्त राष्ट्र दिन. राजकन्या मार्गारेट हजर. एलिंग्टनला फुप्फुसाचा कर्करोग होता, गोन्साल्विस ऐन वेळी आजारी पडल्यामुळे वाजवू शकला नाही, हॉजेस तीन वर्षांपूर्वीच गेला होता. पहिल्या कार्यक्रमातला गडगडाट इथे नाही. कार्नी एकटा पुढे येऊन वाजवतो, बाब्स गाते, पियानो थांबत थांबत चालतो. ज्या मुद्द्यावर तो १९६५ पासून बोलत आला, की प्रत्येक माणूस आपापल्या भाषेत प्रार्थना करतो आणि देवाला न कळणारी भाषा नाही, त्या मुद्द्याचं इथे पूर्ण गाणं झालं, आणि आर्ट बॅरनने त्यात साधी लाकडी बासरीसारखी रेकॉर्डर वाजवली. शाळेतल्या मुलांचं वाद्य, राजघराण्यातल्या श्रोत्यांपुढे.

२४ मे १९७४ ला तो गेला. अंत्यविधी सेंट जॉन द डिव्हाइनमध्येच झाला; बारा हजारांवर माणसं आली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्नीही गेला.

जाता जाता एक माझा घरगुती प्रयोग. त्या सहा सुरांवर मराठी बसतं का ते मी पेटीवर करून पाहिलं. मराठी बायबलची सुरुवात 'प्रारंभी देवाने' अशी आहे. मोजून पाहा: प्रा, रं, भी, दे, वा, ने. बरोबर सहा! पण आनंद पुरा टिकला नाही. इंग्रजीत सहावा सूर, जिथे सगळं येऊन टेकतं, तिथे 'देव' हा शब्द आहे. मराठीत तिथे 'ने' येतो, नुसता विभक्तीचा प्रत्यय. कितीही खर्जात म्हटलं तरी 'ने'ला काही वजन येईना. मग बायबल मिटवून घरात बोलतो तसं म्हटलं: सुरुवातीला देव. सु, रु, वा, ती, ला, देव. पुन्हा सहा, आणि शेवटच्या सुरावर देव.